ट्रॅक्टर लोडला दम टाकतोय? पंप काढण्याआधी आम्ही काय काय बघितलं

२०२४ च्या दिवाळीच्या आठवड्यात आमचा ट्रॅक्टर रोटर (रोटाव्हेटर) मारताना दम टाकायला लागला आणि पूर्वीसारखा चालायला जवळजवळ नोव्हेंबर संपला. मधल्या काळात जे केलं, जे कळलं आणि जो खर्च झाला ते लिहून ठेवतोय, कारण मी स्वतः माहिती शोधत होतो तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, डिझेलचा पंप गेला, पंप काढा. आणि पंप काढायचा म्हटलं की ऐन हंगामात पोटात गोळाच येतो राव.

ट्रॅक्टर आहे ४५ एचपीचा, तीन सिलेंडर, २०१२ चं मॉडेल, साधा मेकॅनिकल इनलाइन पंप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असल्या सगळ्याच जुन्या ट्रॅक्टरांची डिझेलची लाईन थोड्याफार फरकाने सारखीच असते. टाकी, तिथून गाळ बसायची वाटी, मग टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, मग दोन फिल्टर, मग मेन पंप आणि तिथून लोखंडी पाईपने सिलेंडरमधे डिझेल फवारणारे नोझल. ज्यांचा ट्रॅक्टर ५० एचपीच्या वरचा आणि १ जानेवारी २०२३ नंतरच्या धुराच्या नव्या नियमातला, कॉमन रेलचा (इलेक्ट्रॉनिक डिझेल सिस्टीमचा) आहे त्यांनी यातलं बरंचसं सोडून द्या, तिथे स्कॅनर लावल्याशिवाय काही कळत नाही आणि पाईप सैल करायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

आम्ही नेवासा तालुक्यातले. जमीन काळी, भारी. परतीचा पाऊस उघडला, वसुबारसेच्या आसपास वाफसा आला आणि सगळ्यांना एकदमच रोटर पाहिजे होता, कोणाला हरभऱ्यासाठी, कोणाला गव्हासाठी, कोणाला कांद्याचं रोप टाकायला. घरचं रान उरकून मी भाड्यानेही मारतो, त्यामुळे फोन चालूच. आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर असा करायला लागला की पहिली वीस मिनिटं एकदम झकास, मग हळूहळू आवाज खाली, रेस पूर्ण दाबली तरी वर येईना, रोटर उचलला की परत ठीक. बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा वीस मिनिटं झकास. रस्त्याने रिकामा तर मस्तच पळायचा, त्यामुळे ज्याला दाखवावं तो म्हणायचा काहीच झालेलं नाही तुझ्या ट्रॅक्टरला.

सल्ले मात्र भरपूर. चुलतभाऊ म्हणाला एअर फिल्टर साफ कर. तो ऑइलचा असतो, खालची वाटी काढली, ऑइल बदललं, जाळी डिझेलने धुतली, काही फरक नाही. फरक पडणारही नव्हता, कारण हवा कमी पडली की काळा धूर निघतो आणि आमचा ट्रॅक्टर दम टाकताना धूर काढतच नव्हता, उलट नेहमी लोडला जी थोडी काळी झाक असते तीही गेली होती. हे मला नंतर गावातल्या बापू मेस्त्रीने समजावलं, पण आधीच सांगतो म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील: ताकद कमी आणि धूर काळा, तर हवा कमी किंवा डिझेल नीट जळत नाही. ताकद कमी आणि धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तो वेगळा आणि महागडा विषय. ट्रॅक्टर लोडला असताना मागे वळून सायलेन्सरकडे बघा, रिकामा रेस करून काही समजत नाही.

दुसरा सल्ला होता की पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढव. हे गावोगाव चालतं आणि लगेच जोरही येतो. पण तो स्क्रू शिसं लावून सील केलेला असतो तो उगाच नाही. जास्तीचं डिझेल जळत नाही, धूर काढतं, इंजिन तापतं, पिस्टनवर येतं. मी हात लावू दिला नाही.

भाऊबीज झाली तसा ट्रॅक्टर सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे आधी आरसीची झेरॉक्स, मग चॅसिस नंबर, इंजिन नंबर, अवर मीटरचं रीडिंग, मग जॉब कार्ड. जॉब कार्डवर लिहिलं "पिकअप कमी". मी म्हणालो साहेब असं लिहा की वीस मिनिटांनी लोड घेत नाही, थांबलं की घेतो, धूर नाही. त्यांनी हसून लिहिलं. माझा सल्ला, हे स्वतः उभं राहून लिहून घ्याच, कारण आत जो मेकॅनिक काम करणार त्याला तुमची भेट होत नाही, त्याला फक्त तो कागद दिसतो. दुपारपर्यंत बसलो. एका पोराने यार्डात दोन फेऱ्या मारल्या, रिकामाच, आणि एस्टिमेट हातात आलं २१,५०० रुपये, पंप कॅलिब्रेशन, नोझल, फिल्टर, मजुरी. निम्मे आगाऊ. आणि पंप नगरला जाणार, तिथे रांग आहे, आठ-दहा दिवस धरून चला. मी विचारलं पंपच गेलाय हे कशावरून? तर म्हणे बारा वर्षं झाली, आता जाणारच. हे काही कारण झालं का? तपासणीचे ८०० रुपये भरले, पावती घेतली, ट्रॅक्टर परत आणला.

आमच्या गावात एक मेस्त्री आहे, सगळे बापूच म्हणतात. शिक्षण कमी पण डोकं शांत. दिवाळीत तो सासुरवाडीला गेला होता म्हणून आधी सापडला नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, आपण टाकीकडून निघू. पंप कुठं पळून जात नाय."

पहिलं, टाकीचं झाकण. झाकणाला बारीक भोक असतं, डिझेल खाली होईल तशी हवा आत यायला. ते मातीने बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल यायचं थांबतं, लक्षणं अगदी आमच्यासारखीच. तपासायला सोपं, ट्रॅक्टरने दम टाकला की लगेच झाकण उघडायचं, सूंऽऽ करून हवा आत गेली तर तेच कारण. आम्ही केलं, आवाज आला नाही, झाकण सैल ठेवून चालवलं तरी तेच. पण तेव्हा दिसलं की झाकणाचा रबर पार तडकलेला आहे. हे पुढे कामाला आलं.

दुसरं, फिल्टर. जोडी बदलली, ५२० रुपये. फिल्टर बदलला की एअर काढावी लागते, ते असं, फिल्टरच्या वरचा छोटा बोल्ट थोडा सैल करायचा, फीड पंपाच्या हातपंपाने मारत राहायचं, आधी फेस येतो, मग सलग धार लागते, धार लागली की मारता मारताच बोल्ट आवळायचा. मग तेच मेन पंपाच्या बोल्टला. घाई केली तर थोडी हवा राहते आणि मग ट्रॅक्टर चालू होऊन बंद पडतो. नवा फिल्टर भरायला कॅनमधलं डिझेल वरून ओतू नका, ते गाळलेलं नसतं, सरळ पंपात जातं. फिल्टर बदलल्यावर अर्धा दिवस छान चालला आणि मला वाटलं झालं. संध्याकाळी परत तेच.

तिसरी टेस्ट सगळ्यात भारी आणि जवळजवळ फुकट. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल, आणि आरपार दिसणारी डिझेलची नळी, ९० रुपयांची. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाईप काढला आणि त्या जागी ही नळी जोडली. कॅन फीड पंपापेक्षा उंच, तारेने घट्ट बांधला, सायलेन्सरपासून लांब, हे फार महत्त्वाचं. एअर काढली आणि रोटर लावून रानात गेलो. नळीत एकही बुडबुडा दिसत नव्हता, म्हणजे नळीच्या जोडातून हवा येत नव्हती. आणि ट्रॅक्टर थांबेचना! कॅन दोनदा भरला, अर्धा एकर झालं, एकदाही खाली बसला नाही. म्हणजे दम टाकायचं कारण फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. २१,५०० च्या एस्टिमेटमधे टाकीचा शब्द पण नव्हता.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. तळाला आधी पाणी निघालं, चांगलं पेलाभर. त्याच्यामागून काळपट तपकिरी, बुळबुळीत, जेलीसारखं काहीतरी, बोटांत धरलं तर ताणलं जायचं आणि वास आंबूस. बापू म्हणाला हे डिझेलचं शेवाळ. खरं तर शेवाळ नाही, बुरशी आणि जिवाणू असतात, ते तळाच्या पाण्यात राहतात आणि वरचं डिझेल खातात. पाणी नसेल तर होत नाहीत. पाणी आलं त्या तडकलेल्या रबरातून, पावसाळाभर ट्रॅक्टर पत्र्याच्या कडेला अर्धवट टाकीने उभा होता, आणि थोडं रात्रीच्या गारव्याने टाकीच्या आत सुटतं ते वेगळं.

तेव्हा सगळं जुळलं. रिकामा चालताना असलं इंजिन तासाला दीड-दोन लिटर मागतं, फुल लोडला आठ-नऊ. जास्त ओढ लागली की ती बुळबुळीत साय टाकीच्या तळाला डिझेल निघायच्या तोंडाशी येऊन बसायची, लस्सी पिताना स्ट्रॉला साय अडकते तशी, आणि बंद केलं की सुटून परत तळाला. म्हणून दहा मिनिटांनी ट्रॅक्टर शहाण्यासारखा वागायचा.

टाकी डिझेलनेच धुतली, पाण्याने नाही. दहा लिटर गेलं, तेव्हाच्या ९०-९१ रुपये लिटरने जीव तुटला पण इलाज नव्हता. आत मूठभर स्वच्छ खडी टाकून हलवली, नंतर प्रत्येक खडा निघाला का हे बॅटरी मारून बघितलं. तोंडाची जाळी, गाळाची वाटी, बँजो बोल्टची (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) भोकं, सगळं साफ. झाकणाला नवा रबर ४० रुपये. तांब्याचे वायसर नवे घातले, जुने परत घातले तर तिथूनच हवा ओढतो आणि मग बसा शोधत. नवे फिल्टर इतक्यात खराब झालेत का तेही उघडून बघितलं, पहिल्या फिल्टरवर थोडी साय होती, तो डिझेलमधे खळबळून परत लावला. बापूने सांगितलं पन्नास तासांनी दोन्ही बदल, धुतली तरी थोडी राहतेच.

आता वीस मिनिटांचा प्रॉब्लेम संपला. तासनतास चालायला लागला. पण जोर पूर्वीचा नव्हता, रोटर एक गिअर खाली लावावा लागायचा, आणि स्लोला थोडा ढकढक करायचा. बापूने स्लोवर एकेक नोझलच्या पाईपचा नट अर्धा आटा सैल केला. चांगल्या सिलेंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच लंगडतं. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला सैल केलं तर आवाजात काडीचा फरक नाही, म्हणजे तो सिलेंडर आधीच काम करत नव्हता. हे करताना नटवर जाड फडकं, डोळ्याला चष्मा आणि हात लांब. डिझेल तिथे एवढ्या प्रेशरने असतं की बारीक फवारा कातडीत घुसतो, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत बोट सडतं. असं झालंच तर घरी हळद लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय असं डॉक्टरांना सांगा.

तिन्ही नोझल काढून नगरला न्यायचे ठरवले. नोझल काढताना एक बघायचं, खालचा तांब्याचा वायसर बऱ्याचदा खड्ड्यातच चिकटून राहतो, तो काढला नाही आणि वर दुसरा बसवला तर नोझलची उंची बदलते. आणि काढलेल्या भोकात फडक्याचा बोळा कोंबून ठेवा.

मधे विधानसभेचं मतदान आलं, २० नोव्हेंबरला, दोन दिवस कोणी कामावर नाही, नोझल डब्यात पडून राहिले. त्या आठवड्यात माझी तीन गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. वाईट वाटलं, पण त्यांचाही वाफसा थांबणार नव्हता.

नगरला पंप-नोझलचं काम करणारे एक वयस्कर चाचा आहेत, छोटं दुकान, आत एकदम स्वच्छ. त्यांनी माझ्यासमोर नोझल टेस्टरवर लावला. आमच्या मॉडेलला साधारण २०० बार प्रेशरला उघडायला पाहिजे. पहिले दोन टर्रटर्र आवाज करत बारीक धुकं सोडायचे, प्रेशर थोडं कमी होतं पण चालण्यासारखं. तिसरा १५० च्या आतच उघडला आणि धुकं नाहीच, सरळ धार, आणि नंतर टोकाला थेंब लटकलेला. चाचांनी टीप काढून उजेडात धरली, आतल्या सुईवर तांबूस डाग. पाण्याचं काम. तिन्हीच्या टीप बदलल्या, एकीचे ६५० प्रमाणे १,९५०, टेस्टिंग आणि सेटिंग ३००, वायसर ६०. एकच बदलता आली असती, पण तिन्ही सारखे उघडले पाहिजेत असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

काम चालू असताना बेंचवर दुसऱ्या कोणाचा तरी पंप लावलेला होता. मोटर तो पंप फिरवते आणि प्रत्येक लाईनचं तेल वेगवेगळ्या काचेच्या नळीत पडतं. त्या पंपाच्या चारपैकी एक नळी निम्म्यावरच थांबायची. चाचा म्हणाले हा खरा गेलेला पंप, आत पाणी गेलं, प्लंजर (आतला दट्ट्या) ओढला. मी विचारलं माझा पण आणून देऊ का, जोर अजून कमी आहे. त्यावर त्यांनी मलाच विचारलं, "रेस पूर्ण दाबल्यावर पंपाची लिव्हर स्टॉपरला लागते का? बघितलं का कोणी? आधी ते बघ बेटा, मग पंप आण." साडेचार-पाच हजाराचं काम समोर चालून आलं असताना माणूस असं सांगतो, याचं मला अजून कौतुक वाटतं.

घरी आलो, नोझल बसवले. ढकढक गेली. मग मी सीटवर बसून रेस तळापर्यंत दाबली आणि बापू बॅटरी घेऊन पंपाजवळ वाकला. लिव्हर आणि स्टॉपरच्या मधे चार-पाच मिलिमीटर फट! रेसपासून पंपाच्या लिव्हरला येणाऱ्या रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजला होता आणि पट्टीचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं, त्यामुळे पाय तळाला गेला तरी पंपाला पूर्ण निरोपच जात नव्हता. हे एका दिवसात झालेलं नसणार, दोन-तीन वर्षांत थोडं थोडं वाढत गेलं आणि आपल्याला सवय होत गेली.

मी ७५० रुपयांचा टॅकोमीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, म्हणजे आरपीएम, ते मोजणारा) मागवला होता, पुलीला चमकी पट्टी चिकटवायची आणि लांबून बटन दाबायचं. रिकाम्या इंजिनला फुल रेसला २,०४० दाखवत होता. आमच्या मॉडेलला २,२५० च्या आसपास पाहिजे. हा आकडा तुमच्या पुस्तकात नसेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीला सरकारी संस्था आहे जिथे ट्रॅक्टरांची टेस्ट होते, तिच्या टेस्ट रिपोर्टमधे मॉडेलप्रमाणे लोड नसतानाचे जास्तीत जास्त आरपीएम, पीटीओची (रोटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) ताकद, डिझेल किती खातो हे सगळं असतं. डॅशबोर्डच्या मीटरवर विसंबू नका, जुन्या ट्रॅक्टरचा मीटर काहीही दाखवतो.

बॉल जॉइंट १८० रुपये, पट्टीच्या भोकाला वेल्डिंग करून नवं भोक, रॉडची लांबी दोन आटे ॲडजस्ट. स्टॉपरच्या सीलबंद स्क्रूला हात नाही लावला, फक्त रॉड. परत मोजलं, २,२६०. मग त्याच रानात, त्याच गिअरला रोटर लावला आणि सायलेन्सरला ती ओळखीची हलकी काळी झाक परत दिसली. एकराला पावणेदोन तास लागत होते ते सव्वा तासाच्या आत आले. शेजारचे तात्या बांधावर उभे होते, म्हणाले, "किती टाकलं पंपाला?" मी म्हटलं पंप तर उघडलाच नाही, तर त्यांना वाटलं मी लपवतोय.

बापूला १,२०० दिले, वेल्डिंगसकट, तो हजारच मागत होता. सर्व्हिस सेंटरची तपासणी, टाकी धुवायचं डिझेल, टॅकोमीटर सगळं धरून सात हजारांच्या आत बसलं. बुडालेलं भाडं वेगळं, ते मोजत नाही.

तेव्हापासून संध्याकाळी काम सुटलं की टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत पाणी सुटायला जागाच राहत नाही, आणि सकाळी चालू करायच्या आधी गाळाच्या वाटीखालचा बोल्ट सैल करून दोन घोट डिझेल बाटलीत काढून बघतो. पावसाळ्यात दोनदा तळाला पाण्याचे थेंब दिसले. कॅनमधून ओततानाही शेवटचं बोटभर डिझेल कॅनमधेच राहू देतो.

थंडीत पहाटे चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं अजून पांढरा धूर काढतो, गरम झाला की जातो. बापूच्या मते कॉम्प्रेशन थोडं उतरलंय, हेड उघडावं लागेल, पण उसाच्या ट्रॉल्या संपल्यावर. तोवर बघू.